उत्तर तीरावरचा गाव : इन्सुलीचा भूगोल आणि पहिली वसाहत

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



गावाचा इतिहास सांगा म्हटले की आपल्याकडे माणूस थेट राजांपासून सुरुवात करतो. आधी विजापूरचा आदिलशहा, मग सावंत-भोसले, मधे पोर्तुगीज, शेवटी इंग्रज. १९४८ साली सावंतवाडी संस्थान विलीन झाले की टाळ्या आणि चहापान. या सगळ्यात गाव कुठे असतो? फार तर सारा भरणारा म्हणून. ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, ते भूगोल शिकवत. म्हणून आज मी हा क्रम उलटा करणार आहे. आधी जमीन, मग पाणी, मग माणूस, आणि वेळ उरला तर राजे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की इन्सुली गाव कोणी वसवला नाही, तो वसत गेला. राज्ये त्यावर नंतर येऊन बसली. याचा पुरावा दप्तरात थोडा आहे. जमिनीत आणि देवळात मात्र भरपूर आहे.

सावंतवाडीहून बांद्याकडे येताना इन्सुलीचा घाट उतरलात की तेरेखोल नदीचे खोरे समोर उघडते. ही नदी मनोहर-मनसंतोष गडाच्या डोंगरात उगम पावते, दाणोली, ओटवणे या बाजूने खाली येते, बांद्याला वळसा घालते आणि आरोंदा-किरणपाणीवरून तेरेखोलच्या किल्ल्याखाली समुद्राला मिळते. बांदा तिच्या दक्षिण काठाला, आपण उत्तर काठाला. पलीकडे बाजारपेठ, अलीकडे शेती. नदीच्या दोन काठांमधली ही वाटणी फार जुनी आहे.

आपल्या पायाखाली काय आहे ते आधी पाहू. सह्याद्रीच्या उत्तर भागात काळ्या पाषाणाचे थरावर थर आहेत. ते दक्षिणेकडे येता येता पातळ होतात, आणि आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला त्यांच्याखालचे कितीतरी जुने खडक उघडे पडतात. रेडीचे लोहखनिज त्याच जुन्या खडकांतले. या सगळ्यावर टोपी घातल्यासारखा जांभा आहे. लक्षावधी वर्षांच्या पावसाने खडकातला विरघळणारा अंश धुऊन नेला, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिले, तो हा जांभा. खाणीतून काढताना कुऱ्हाडीने तासता येतो आणि उघड्यावर हवा-ऊन लागले की घट्ट होतो. आपली घरे, विहिरी, गडगे, देवळांचे चौथरे सगळे त्याचेच.

पण गाव कळायला जांभ्याचा घर बांधण्यापेक्षा मोठा उपयोग आहे. जांभा सच्छिद्र असतो. आपल्या भागात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा मिरगापासून चार महिन्यांत. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, पडलेल्या पावसातला बराचसा भाग त्या छिद्रांतून आत उतरतो. जांभ्याच्या खाली पांढरट-जांभळट चिकट मातीचा थर असतो. विहीर खणणाऱ्यांना तो चांगला ठाऊक आहे. त्या थरातून पाणी खाली जात नाही, ते आडवे सरकते आणि सड्याचा उतार जिथे संपतो तिथे झरा होऊन बाहेर पडते. म्हणजे वर सड्यावर एप्रिल-मेमध्ये प्यायला थेंब नाही आणि त्याच सड्याच्या पायथ्याशी झर वाहतो आहे, असा आपला मुलूख.

आता डोळ्यांपुढे गावाचा एक उभा काप आणा. सगळ्यात वर सडा : कातळ, कुसळे गवत, गुरे चारायची जागा, पावसाळ्यात चार महिने फुलांनी भरलेली. त्याखाली भरड : उताराची, लाल, दगडगोट्यांची जमीन, जिथे पूर्वी नाचणी, वरी, हरीक होत आणि आता काजू आहे. त्याखाली, झरे बाहेर पडतात त्या पट्ट्यात, वाडी : घर, मागे माड-पोफळी, बाजूला विहीर, पुढे खळे. वाडीच्या खाली मळा : भाताचे कुणगे, एकाखाली एक. आणि तळाला व्हाळ, जो शेवटी तेरेखोलीला मिळतो. इन्सुलीत वाड्या इतक्या विखुरलेल्या का, एका मुख्य रस्त्यावर गावठाण का नाही, असे घाटावरून आलेले पाहुणे विचारतात. देशावर संरक्षणासाठी माणसे पांढरीत दाटीने राहिली. इथे माणूस पाण्यामागे गेला. जेवढे झरे तेवढ्या वाड्या, आणि दोन वाड्यांच्या मधे डोंगराची सोंड. खामदेव नाका आणि डोबाची शेळ यांच्यामधला चढ-उतार पायी चालून पाहा. मोटारीतून तो जाणवत नाही.

आणखी एक गोष्ट बघा. घर कधी मळ्यात बांधलेले दिसत नाही. जुने तर नाहीच. पिकाची जमीन घराखाली घालवायची नाही हे एक कारण. दुसरे कारण नदी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेरेखोलीचे पाणी बांद्याच्या बाजारपेठेत शिरले, दुकानेच्या दुकाने बुडाली. तेव्हा लोक म्हणाले, असे कधी झाले नव्हते. पाणी असे वर चढू शकते, हे जुन्या माणसांना ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी जोती वर घातली. बाजाराला बंदर हवे, म्हणून बाजार खाली नदीकाठी बसला. शेतकरी वर बसला. अलीकडे नदीलगत भराव टाकून जी बांधकामे चालली आहेत, ती करणाऱ्यांनी आपल्याच आज्याच्या घराचे जोते कुठे आहे तेवढे जाऊन पाहावे.

मळा मात्र निसर्गाने दिलेला नाही, हे आपण विसरतो. जिथे आज सपाट कुणगे दिसतात तिथे पूर्वी दलदल आणि रान होते. रान तोडायचे, मुळे उपटायची, उतार कापून पायऱ्या करायच्या, प्रत्येक पायरीला मेर घालायची, व्हाळाला बांध घालून पाणी वळवायचे, आणि जादा पाण्याला वाट ठेवायची. एका कुटुंबाच्या आवाक्यातले हे काम नव्हे. आणि एकदा मळा तयार झाला की पुढेही एकट्याने चालत नाही. वरच्या कुणग्याची मेर फुटली तर खालच्याचा तरवा, म्हणजे भाताची रोपे, वाहून जातो. वरच्याने पाणी अडवले तर खालच्याची लावणी रखडते. वायंगणाला, म्हणजे उन्हाळी भाताला, तर पाट कोणाकडे किती दिवस हे ठरवल्याशिवाय शेतीच नाही. भाऊबंदकीत एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे पाण्याच्या वेळी एका मेरेवर उभी राहतात, हे तुम्ही आम्ही सगळ्यांनी पाहिले आहे.

गावकरी ही संस्था यातून आली, असे मी मानतो. गावकर म्हणजे गावात राहणारा कोणीही नव्हे. ज्यांच्या पूर्वजांनी रान मोडून मळा केला, बांध घातला, त्या घराण्यांचा वारस तो गावकर. जमिनीचा निर्णय, देवाचा मान, वादाचा निवाडा हे त्यांच्याकडे. पुढे सुतार, कुंभार, न्हावी, परीट, देवळाचा गुरव, घाडी, सगळे आले. काहींना बोलावून आणले, काही पोटासाठी आले. त्यांना जमिनीचा तुकडा किंवा बलुते मिळाले, गावकीतला शब्द मिळाला नाही. काहींना तर वाडीच्या विहिरीवरही जागा मिळाली नाही. गावऱ्हाटीचे, म्हणजे गावच्या या जुन्या कारभाराचे, गोडवे गाताना ही बाजू गाळायची आपल्याला सवय आहे. मी ती गाळणार नाही.

गावकरीचा सगळ्यात जुना सविस्तर लेख आपल्या बाजूला नाही, नदीपलीकडे गोव्यात आहे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवे शहर घेतले आणि १५२६ मध्ये अफोंसो मेशिया या त्यांच्या अधिकाऱ्याने गावकऱ्यांच्या चालीरीती विचारून एक दस्तऐवज केला. तो ‘फोराल’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या सुरुवातीलाच हकीकत आहे ती अशी : फार पूर्वी तिसवाडी बेटावर चार माणसे येऊन वसली, इतर ठिकाणीही अशीच काही माणसे गेली. त्यांनी ओसाड जमीन लागवडीखाली आणली, वस्ती वाढवली, कारभार नीट चालवला म्हणून त्यांना गावकर म्हणू लागले, आणि त्यानंतर कोणी बलवान येऊन त्यांच्यावर सारा बसवला. सारा बसवणाऱ्या सरकारनेच हे लिहून ठेवले आहे! कोसंबींनी, म्हणजे धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर कोसंबी यांनी, १९४७ साली गोव्याच्या जुन्या काबिजादीतल्या गावसंस्थांवर जो लेख लिहिला, त्याचाही आधार हाच. त्यांनी गावकरीकडे भक्तिभावाने पाहिले नाही. उत्पन्न कोणाचे आणि श्रम कोणाचे हे विचारले. तो लेख मराठीत यायला हवा.

फोराल गोव्यातल्या बेटांविषयी आहे, इन्सुलीविषयी नाही, हे मान्य. खाली सातार्डा-आरोंद्याकडे खाजणे आहेत, खाऱ्या पाण्याला बांध आणि मानशी, म्हणजे पाणी अडवायच्या झडपा, आहेत. त्यांची व्यवस्था गोव्याच्या बेटांशी अधिक जुळते. आपल्याकडे गोड्या पाण्याचा मळा. पण घडण तीच. १७८८ पर्यंत नदीपलीकडचा पेडणे महालही सावंतवाडीकडेच होता, त्यामुळे नदीच्या दोन्ही काठांची रीत वेगळी असण्याचे कारणही नव्हते.

आता दुसरा पुरावा, देवळातला. माऊलीच्या देवळात गाऱ्हाणे घालतात ते कान देऊन ऐका. ‘व्हय म्हाराजा’ म्हणण्यात आपण इतके गुंग असतो की गाऱ्हाणे घालणारा घाडी आधी कोणाचे नाव घेतो, मग कोणाचे, याकडे लक्ष जात नाही. कोकणातल्या गाऱ्हाण्यात साधारणपणे ग्रामदेवता येते, रवळनाथ-भूतनाथासारखे पंचायतनातले देव येतात, मग मूळ वसाहत करणारा पूर्वस येतो, ब्राह्मणस्थळ येते, गावच्या हद्दीवर उभा असलेला देवचार येतो. बारा-पाचाची देवस्की ती हीच. आणि पूर्वस म्हणजे कोण? गावाच्या समजुतीप्रमाणे पहिला वसलेला माणूस. त्याला मूर्ती नसते, बहुधा एक पाषाण असतो. पण त्याला विचारल्याशिवाय गावाचे काम होत नाही. राजाचे नाव गाऱ्हाण्यात मला कुठे ऐकायला मिळाले नाही. गावाने राजाला सारा दिला, नजराणा दिला, आपल्या वंशावळीत मात्र घेतले नाही.

जत्रेत मानाचा नारळ कोणाचा आधी, तरंग कोण धरतो, कौल कोण लावतो यावरून कोकणात पिढ्यान्‌पिढ्या वाद चालतात, काही कोर्टात जातात. बाहेरच्या माणसाला ही हास्यास्पद भांडणे वाटतात. मला वाटत नाहीत. जिथे जमिनीचे कागद उशिरा आले तिथे कोण आधी आला याची नोंद मानाच्या क्रमातच ठेवली गेली. भांडण नारळाचे दिसते, असते अग्रहक्काचे. फक्त ते आता जमिनीशी जोडलेले राहिलेले नाही, आणि कुळकायद्यानंतर तर बहुतेक ठिकाणी हक्क कसणाऱ्याकडे गेला, मान तेवढा जुन्यांकडे उरला. हे योग्यच झाले.

मग या पहिल्या वसणाऱ्यांच्या आधी इथे कोणीच नव्हते का? होते. मालवण तालुक्यात कुडोपीच्या सड्यावर कातळात कोरलेली चित्रे आहेत, गोव्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळला आहेत. कोकणातली कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. ती कोरणारी माणसे बहुधा शिकार करणारी, फिरती, सड्यावर वावरणारी होती. त्यानंतर डोंगर-उतारावर रान जाळून दोन-तीन वर्षे नाचणी काढायची आणि पुढे सरकायचे, अशी कुमरी शेती करणारे आले. ती इंग्रजी अमदानीपर्यंत चालू होती. भातशेतीचा गाव हा या सगळ्यांनंतरचा. आणि मळा करणाऱ्यांनी ज्यांना वर ढकलले त्यांचे वंशज आजही डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांत आहेत. ‘मूळचे आम्ही’ म्हणताना जरा जपून म्हणावे.

तारीख हवीच असेल तर ताम्रपटांकडे वळू. कुडाळजवळ नेरूरला आणि वेंगुर्ल्याकडे कोचऱ्याला बदामीच्या चालुक्यांचे ताम्रपट मिळाले. सावंतवाडीत असलेल्या लेग्रँड जेकब या इंग्रज अधिकाऱ्याने ते एकोणिसाव्या शतकात उजेडात आणले. कोचऱ्याचा ताम्रपट विजयभट्टारिका या राणीचा आहे. ६१० च्या सुमाराला रेवतीद्वीपावर, म्हणजे आजच्या रेडीवर, चालुक्यांचा अधिकारी बसत होता. या पटांत गावे आणि जमिनी दान दिल्याच्या नोंदी आहेत. दान देण्याजोगी पिकती गावे सातव्या शतकात या मुलखात होती, एवढे त्यातून निश्चित निघते. इन्सुलीचे नाव त्यात नाही. पण नेरूरला मळा होता आणि तेरेखोलीच्या खोऱ्यात नव्हता, असे मानायला मला कारण दिसत नाही.

राजांचे आता आटोपते घेतो. विजापूरकरांच्या काळात बांदा हे भरभराटीचे बंदर होते. बार्बोसा या पोर्तुगीज प्रवाशाने सोळाव्या शतकाच्या आरंभीच त्याचा उल्लेख केला आहे, आणि तिथले घुमट तुम्ही रोज पाहता. समुद्रातून लहान गलबते, मचवे तेरेखोलीतून वर येत, घाटावरचा माल राम घाट, पारपोली घाट उतरून खाली येई. या वाहतुकीला भात, माड, मनुष्यबळ पुरवणारी आजूबाजूची गावे होती, त्यांतला आपला एक. मग १५५४ च्या सुमाराला होडावड्याला मांग सावंतांनी विजापूरविरुद्ध उठाव केला, १६२७ मध्ये खेम सावंत उभे राहिले. सावंतांचे ठाणे प्रथम ओटवण्याला, म्हणजे याच नदीच्या वरच्या अंगाला होते. पुढे ते चराठ्यास, आजच्या सावंतवाडीस गेले. १५६० मध्ये गोव्यात धर्मसमीक्षण सभा, इन्क्विझिशन, बसल्यावर कितीतरी घराणी देव घेऊन उत्तरेला आली. नंतर बारदेशातून ख्रिस्ती कुटुंबेही आली. दोघांनाही या खोऱ्याने जागा दिली. अर्थात झऱ्याच्या पट्ट्यातली उत्तम जागा तोवर भरलेली होती. उशिरा आलेल्यांना भरड मिळाली.

सीमेविषयी मात्र दोन वाक्ये जास्त बोलेन. आपल्याला वाटते आपण सीमेवरचे लोक. नाक्यावर गाड्यांची रांग, तपासणी, दारूच्या पकडलेल्या पेट्या हे आपले रोजचे दृश्य. पण सीमा अलीकडची आहे. १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगीजांकडे गेले तेव्हा ती इथे आली. त्याआधी आपण खोऱ्याच्या मध्यात होतो. आणि ती नदीनेही आखलेली नाही. खाली आरोंद्याकडे नदी सीमा आहे, पण तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तरेला असून गोव्यात आहे, आणि इथे बांदा दक्षिणेला असून महाराष्ट्रात. ती तहाची रेघ आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, पंजाबचा कर्नेलसिंग तिथे पडला, ते याच रेघेवर. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. रेघ राहिली, फक्त तिचा अर्थ बदलला.

त्यानंतरचा बदल तुमच्या डोळ्यांसमोरचा आहे. मुंबई-गोवा महामार्ग आणि झाराप-पत्रादेवीचा चौपदरी रस्ता यांनी गावाचा कल बदलला. हजार वर्षे वस्ती झऱ्याकडे तोंड करून होती, आता ती रस्त्याकडे तोंड करून बसते. सूतगिरणी आली, बंद पडली. बांदा-दोडामार्ग पट्ट्यात केरळहून आलेल्यांनी सडे-उतार घेऊन रबर आणि केळी लावली. ‘परके आले’ म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही. रान मोडून लागवड करणारा तो वसणारा, हा आपलाच जुना नियम आहे. तक्रार करायचीच असेल तर आपल्या पडीक मळ्यांची करावी. माणसे मुंबईला आणि गोव्याला, मेरा फुटलेल्या, कुणग्यात रान.

आणि जमीन विकली जाते तेव्हा आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे नावे. सातबाऱ्यावर सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर असतो. पण गावाने प्रत्येक कुणग्याला, प्रत्येक व्हाळाला, पाणंदीला, कातळातल्या प्रत्येक कोंडीला नाव दिलेले आहे. कुठे बांध होता, कुठे गोठण होते, कुठे वाघाची वाट होती, कोणाचे पूर्वी घर होते, सगळे त्या नावांत आहे. आंबोली, गेळे, चौकुळच्या कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न किती वर्षे भिजत पडला ते तुम्ही वाचलेच असेल. गावाने जमीन कशी वाटून घेतली होती हे लोकांच्या तोंडी होते आणि सरकारच्या कागदात नव्हते, हे त्या गुंत्याचे एक मोठे कारण. तीन-चार पिढ्यांच्या पलीकडची स्मृती कोर्टात टिकत नाही, वहीत लिहिलेली टिकते.

म्हणून माझी विनंती साधी आहे. वाचनालयाने एक वही सुरू करावी. वाडीवार, एकेका पानावर : जागेचे नाव, सर्व्हे नंबर ठाऊक असल्यास तो, पूर्वी तिथे काय होते, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख. शाळेतल्या मुलांना हे काम द्यावे. आजी-आजोबा मुलांना सांगतात, आपल्याला सांगत नाहीत. विशेषतः बायकांना विचारावे, कारण तरवा काढायला, लावणीला, गवताला, शेणाला सगळे कुणगे त्यांच्या पायाखालून गेले आहेत, आणि गावकीच्या बैठकीत त्यांना कोणी कधी विचारलेले नाही. आणि ज्या वाड्यांना गावकीत शब्द नव्हता त्यांच्याकडे आधी जावे.

वही मी आणली आहे, ती बाहेर टेबलावर आहे. ज्यांना आपल्या वाडीतली निदान पाच कुणग्यांची नावे येतात त्यांनी घरी जाण्यापूर्वी ती तिथे लिहून जावीत.